दोन बोटं वर

गाडी उभी होती, तेव्हाच तुटली स्प्रिंग.
रात्री. उणे एकोणीस. आत कुणी नाही, खड्डा नाही.
टण्ण.
पिरेतला वाटलं, शेडमधली बादली पडली.

सकाळी चाकामागे हात घालून तावीनं
करंगळीएवढा तुकडा काढला,
गंजाचे पापुद्रे सुटलेला.
"सारेमाच्या रस्त्यांवरचं मीठ. चोवीस हिवाळे."
खाल्ल्या मिठाला जागली म्हणायची.

उजवी शाबूत होती.
तरी म्हणाला, दोन्ही काढायच्या.
"धडधाकट आहे की ती."
"एक जुनी, एक नवी – गाडी लंगडते."
पिरेत काही बोलली नाही, किटली ठेवायला गेली.

आकडे दोन्ही बाजूंनी लावून
आळीपाळीनं पाना: इकडे एक वेढा, तिकडे एक.
आवळलेल्या स्प्रिंगसमोर तोंड न्यायचं नाही,
हे तो मला तिसऱ्यांदा सांगतो.
मी टॉर्च धरलाय, माझं काम तेवढंच.
दार फोडून जाईल एवढा जोर
त्याच्या गुडघ्यांमध्ये चिडीचूप.

वरचा बोल्ट अडला. तेल, हातोडी, पुन्हा तेल,
मग एक शिवी, जी आईसमोर म्हणायची नाही.

अंधार पडता पडता जॅक उतरवला.
नाक दोन बोटं वर.
दिवे लावले तर उजेड कुंपण ओलांडून
थेट बर्चवरच्या कावळ्याच्या घरट्यात.
पिरेत दारातूनच म्हणाली,
"हेन्नो होता तेव्हा अशी उभी राहायची."

तुटकी भंगारात गेली.
धडधाकट तिनं उचलून नेली,
घेवड्याच्या वेलाला होईल म्हणाली.
मे महिना अजून लांब होता.