एक जानेवारी, दोन हजार आठ

अंझोरनं तो कवेत धरून आणला,
कुताइसीच्या वाऱ्यातून, चार जिने चढून,
स्वतःची शाल त्याच्याभोवती गुंडाळून.
"दोन दिवस झाले, घोरतो आणि बंद पडतो," म्हणाला,
जणू मी डॉक्टर आणि हा त्याचा थोरला भाऊ.

मागचे स्क्रू काढले. चारांतले दोनच होते.
आत राखाडी लोकरीचं अख्खं अंथरूण,
त्यात सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, मांजराचे केस
आणि कुठल्याशा शर्टाचं बटण.
ते आत कसं गेलं, त्यालाही सांगता येईना.
बाल्कनीत नेऊन ब्रश फिरवला;
धूळ रिओनी नदीकडे गेली,
उरलेली माझ्या नाकात.

पॉवर सप्लाय हातात घेतला की खरंखोटं कळतं:
हा रिकाम्या काडेपेटीसारखा हलका.
वर चारशे वॉट छापलंय. छापायला काय जातं?
बोर्डावर तीन कपॅसिटर डोकी फुगवून बसलेले,
उतू जायच्या बेतातल्या दुधासारखे.
प्रोसेसरवरची पेस्ट वाळून चुन्याची खपली.
रॅमला दोन खाचा, एक मेलेली.
स्वस्तातली वस्तू अशीच,
जिथे दिसत नाही तिथे हात आखडलेला.

मी सरळ सांगितलं: नवी एसएसडी,
जुन्यातला बरा सप्लाय, रॅमची मोठी पट्टी,
नाकापेक्षा मोती जड होईल.
तो म्हणाला, "नाक माझंच आहे ना."

रविवारी झुरिकोच्या चादरीपुढे उकिडवी बसले.
पुलाखाली तो रॅम विकतो, शेंगा विकाव्यात तसा,
शेजारी गंजलेल्या बिजागऱ्या, जॅमच्या रिकाम्या बरण्या.
तीन पट्ट्या घेतल्या, एखादी तरी चालेल म्हणून.
दुसरी चालली.

जुनी डिस्क टकटक करत होती, पण तिनं दगा दिला नाही.
घर बदलताना सामान हलवावं
तशा रात्रभर एकेक फाइल हलवल्या:
लामाराचे शिवणाचे हिशेब, पडदे, उशांचे अभ्रे,
कुणा मानानाकडे राहिलेल्या बारा लारी.

सकाळी बटण दाबलं. अकरा सेकंदांत उभा राहिला.
कोपऱ्यात तारीख: एक जानेवारी, दोन हजार आठ.
आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली. कधीचीच.
वीज तुटली की हा सगळं विसरतो
आणि त्याच दिवशी जागा होतो.

"ते राहू दे," अंझोर म्हणाला. टोपी हातात.
"ती मार्चमध्ये गेली. इटलीत, बारीला,
एका म्हातारीला सांभाळायला.
सकाळी हा लावतो तेव्हा अजून दोन महिने शिल्लक असतात.
चहा होईपर्यंत."

मी काही बोलले नाही, ब्राउझर उघडून दाखवला.
लाल खूण. या तारखेला कुठलंच दार उघडत नाही;
पलीकडच्यांचे दाखले
अजून जन्मालाच आलेले नसतात.
"फोनवर ती बोटाएवढी दिसते म्हणालात.
मोठ्या पडद्यावर बघायची होती ना?"

खाली कुणीतरी गाडी ढकलून चालू करत होतं.
ती चालू होईपर्यंत तो गप्प.
मग, "बॅटरी केवढ्याला?"
दीड लारी.

नखानं खटका सरकवला, जुनी उडाली, टेबलाखाली गेली.
आम्ही दोघं गुडघ्यांवर, टॉर्च लावून.
सापडली त्याला. खिशात टाकली.

तारीख मी घालणार होते. तो म्हणाला, मी घालतो.
या बोर्डावर आकडे लिहिता येत नाहीत,
अधिकचं बटण दाबून वर्ष एकेक चढवावं लागतं.
त्यानं सोळा वेळा दाबलं.
एका वर्षावर बराच थांबला.
कुठलं ते मी पाहिलं; सांगणार नाही.

पंखा अजून कुरकुरतो. पुढचा यूएसबी मेलेलाच आहे.
पैसे दोन हप्त्यांत,
वर आंबट आलुबुखाराच्या चटणीची बाटली.
कॅमेरा तपासायचा म्हणून त्यानं माझ्याकडूनच कॉल लावला.
इथे अकरा, म्हणजे तिकडे आठ,
म्हातारीला उठवायची वेळ.
घंटा वाजत राहिली.
त्यानं टोपी घातली. मग काढली.