तिसरा पक्ष

शुक्ल पक्ष ठाऊक होता, कृष्ण पक्ष ठाऊक होता.
पितृपक्षात नवी वस्तू घेऊ नये, हेही ठाऊक होतं,
म्हणूनच तर साडेचार हजारांनी स्वस्त मिळाला.
'विक्रेता: तिसरा पक्ष' असं खाली बारीक लिहिलेलं
मी पोथीतल्या तळटीपेसारखं ओलांडून गेले.

मी. जी बावीस वर्षं शिवाजीनगर कोर्टाबाहेर
लोकांचे भाडेकरार टाइप करते,
जी पोराटोरांना दटावते, दादा, सातवं कलम वाचा,
मगच सही करा.

खोकं फोडलं. थर्मोकोल कुरकुरला.
पहिलाच करार, सहकारनगरच्या दोन खोल्या, अकरा महिने.
'भाडेकरू सदर जागा पोटभाड्याने देणार नाही'
आणि न उमटेना.
बोटाने दाबलं, अंगठ्याने दाबलं,
स्टँपवाल्या पासलकरांनी पेनाच्या टोपणाने ठोकलं.
मालकाची सगळी मनाई कागदावरून निघून गेली.
भाडेकरू खिळे ठोकणार, कुत्रा पाळणार,
पुढे लटकलेलं नुसतं 'ाही'.

कंपनी म्हणाली, यंत्र आमचं, विक्री आमची नव्हे.
वेबसाइट म्हणाली, आम्ही फक्त दुकानाला जागा देतो.
(हे मला लगेच कळलं. पोटभाडेकरू म्हणतात त्याला.)
तिसऱ्या पक्षाचा फोन कुणी उचलत नव्हतं,
तक्रार लेखी हवी म्हणे. त्याच यंत्रावर लिहिली:

'महोदय, आपला लॅपटॉप मिळाला.
पडदा स्वच्छ, आवाज ठीक, बॅटरी पाच तास टिकते.
फक्त एका अक्षराचा संप आहे.
कोणत्या, ते ह्या पत्रात शोधा;
जे सापडायचं राहील, तेच ते.
कृपया परत घ्या.'

खाली नलिनी लिहिलं. उरलं 'लि',
आणि ठिपक्यांच्या गोलाला धरून बसलेली एक वेलांटी.

उत्तर आलं, परतीचे सात दिवस संपले.
माझ्या हातात येऊन पाचच झाले होते.
पण त्याआधी तीन दिवस खोकं
सोसायटीच्या वॉचमनच्या टेबलाखाली होतं,
आणि वॉचमनची सही ती माझी सही.
'किंवा त्यांच्या वतीने अन्य कोणीही',
किती वेळा टाइप केलंय हे मी, न बघता.

मनपाहून वाघोलीची बस धरली.
पत्र्याचं गोडाऊन, खोक्यांच्या भिंती,
आणि त्यांच्या मधोमध स्टुलावर अझहर बागवान, वय फार तर बावीस.
तिसरा पक्ष तो हाच.
म्हणजे त्याचा मामा, पण मामा भिवंडीला गेलेला.
त्याने नेलकटरच्या टोकाने न उचकटला,
लॅपटॉप उलटा धरला, फुंकर मारली.

तीळ पडला.

काळा असता तर तर्पणाचा म्हटलं असतं.
पांढरा होता, बाकरवडीचा.
'नवा म्हणून विकलात,' मी म्हटलं, 'मग हा खात कोण होतं?'
तो बराच वेळ तिळाकडे बघत राहिला.
'मॅडम, पण आता चालतंय ना?'

चालत होतं, तीच तर पंचाईत.
बिघाड होता तेव्हा मुदत नव्हती,
पुरावा सापडला तर बिघाड गेला.
त्याने चहा मागवला, एका कपाला कान नव्हता, तो स्वतःकडे घेतला.
मग स्क्रीन माझ्याकडे वळवली.
'एवढं लिहून द्या, तक्रार नाही. मामा विचारतो.'

तीळ मी बसच्या तिकिटात गुंडाळला, पर्समध्ये ठेवला.
'तक्रार' लिहिलं. जागा सोडली.
न इतका अलगद दाबला गेला
की मीच दचकले,
आणि थांबले.

'परत अडकलं का?' अझहरने विचारलं.

म्हटलं, नाही.
सही करायच्या आधी वाचतेय.