सत्तेचाळीस वेढे

विझलेल्या ज्वालामुखीच्या कुशीत
कुणी बाग करतं का? आमच्या शहराने केली.
उतारावर फरची काळपट झाडं,
मध्ये तीन तळी, काँक्रीटच्या काठांची,
त्यांना झाकण म्हणून फक्त आभाळ.
शंभरावर वर्षं शहर तेच पाणी प्यायलं
ज्यात बदकं आपलं तोंड बघायची.

माझे वडील, एल्डन हाऊगेन, तळ्यांचे राखणदार.
लोक एकमेकांना पाण्यात पाहतात,
वडिलांनी एकतीस वर्षं नुसतं पाणी पाहिलं.
पहाटे लोखंडी जिना उतरून
पितळी पट्टीवरची ओली रेघ वाचायची,
वहीत लिहायची: एवढे फूट, एवढे इंच.
शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक रोज "काही नाही".
एकदाच लिहिलेलं सापडलं:
"बगळा. हाकलला. परत आला."

वर्षातून दोनदा तळं रिकामं करून घासायचे.
तळाशी काय मिळालं ते रात्री जेवताना सांगायचे,
आई म्हणायची, एल्डन, पाणी पितेय मी.
नाणी, अर्थात. चष्मे. कवळी, फक्त वरची.
एक अंगठी, आतून "डी.साठी" कोरलेली.
ती त्यांनी कुंपणाला दोऱ्याने बांधून ठेवली महिनाभर.
डी. आली नाही.
किंवा आली, आणि बघून गेली.

मग दूरच्या राजधानीतून कागद आला
की उघड्यावरचं पाणी माणसांना पाजू नये.
टेकडीवरचे म्हातारे घडीच्या खुर्च्या घेऊन
फाटकाशी बसले. मिसेस ओकरलंडच्या पाटीवर होतं:
"तोंडं झाका तुमची. आमचं पाणी राहू द्या."
वडील तिला रोज थर्मास भरून द्यायचे,
आणि रोज, नियमाप्रमाणे, उठायला सांगायचे.

शेवटच्या संध्याकाळी मला बरोबर नेलं.
व्हॉल्व्हचं चाक पुरतं बंद व्हायला सत्तेचाळीस वेढे.
मी मोठ्याने मोजत होते.
चाळिसाव्याला ते थांबले. म्हणाले, ग्रीस हवंय.
ग्रीस भरपूर होतं.
मी पुढचा आकडा तोंडात धरून उभी राहिले.

घरी आले ते काचेची बरणी घेऊन.
वर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख.
तळघरात बिटाच्या लोणच्याशेजारी ठेवली.
हे काय, आईने विचारलं.
नमुना, म्हणाले.

तळी अजून भरतात, दिसण्यापुरती.
धावणारे धावतात, नवी जोडपी फोटो काढतात,
आभाळ पूर्वीइतकंच पडतं त्यात.
पण ते पाणी आता कुणाच्याच घशाकडे निघालेलं नाही.
वडील तिकडून फिरायला जातात,
खिशातून पेन काढतात, परत ठेवतात.

सात वर्षांनी, फेब्रुवारीत, बर्फाचं वादळ.
फांद्या काचेच्या झाल्या आणि रात्रभर मोडत राहिल्या.
तीन दिवस वीज नाही. नळ गोठले, एक फुटला.
शेजारची सेनाइत आली, तान्ही मुलगी कोटात बांधून,
हातात काळी मातीची सुरई आणि कॉफीच्या बिया,
कारण लाकडाची शेगडी गल्लीत आमच्याकडेच.
बिया भाजून झाल्या, कुटून झाल्या,
तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की पाणी नाही.

वडील तळघरात गेले. बराच वेळ गेले.
बरणी मेणबत्तीसमोर धरली,
डोळा काचेच्या पातळीला आणला, जुन्या सवयीने.
आई म्हणाली, एल्डन, राहू दे, नको उघडूस.
"काही नाही," म्हणाले, कुणाला ते कळलं नाही,
आणि झाकण फिरवलं.

खळखळून उकळू दिलं.
सेनाइतने उंचावरून बारीक धार सोडली.
तिच्याकडे तीन फेऱ्या पिण्याची रीत आहे,
पहिली कडक, तिसरी नावापुरती.
पाणी कुठलं, तिने सहज विचारलं,
घर गोठल्यावर कुणीही विचारेल तसं.
इथलंच, वडील म्हणाले. वरचं.

तिसऱ्या फेरीला बरणी संपली.
मी अंगणातून वाटीभर बर्फ आणला, तोच घातला.