अनुस्वार

ऑफिसातल्या मॉनिटरवर सगळं देखणं होतं.
पांढरीशुभ्र पार्श्वभूमी, सडपातळ अक्षरं,
खाली क्लायंटच्या हट्टाचे चार फोन नंबर.

रात्री नऊला माहीम कॉजवेच्या अलीकडे
मान वर करून पाहिलं
तर विमा कंपनी चाळीस फुटांवरून सांगत होती :
'आता चिता आमची.'

टिंब गळालं होतं.
दोन दिव्यांमधल्या फटीत पडलं असावं.

स्क्रीन सांभाळणारा जोकिम हसला नाही.
म्हणाला, मॅडम, इथे केसाएवढी रेघ टिकत नाही,
मनगटाएवढी काढा.
वेलांटी जाड, मात्रा जाड, शब्द तीनच.
आठ सेकंद मिळतात, त्यातले पाच तर
माणूस पुढच्या टॅक्सीला शिव्या घालतो.
आणि पांढरा नको. ते बघा.

समोर तिसऱ्या मजल्यावर
खिडकीला चादर, चादरीवर फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा,
आणि एक हात
सुटलेला कोपरा परत दाबून बसवणारा.

फोन नंबर काढले.
काळ्यावर पिवळी अक्षरं,
अनुस्वार लाडवाएवढा.
क्लायंट म्हणाला, एवढा काळोख? पैसे प्रकाशाचे भरलेत.
म्हटलं, लांबून वाचता येतं.
ते खरंच होतं.

दुसरं सांगितलं नाही :
की आता दर मिनिटाला एकदा,
दुधाच्या आणि दागिन्यांच्या जाहिरातीमधे,
तिसऱ्या मजल्यावर
आठ सेकंद रात्र होते.