अठ्ठावीस फवारे

दर मंगळवारी मी जिनिंगच्या फाटकाशी उतरते.
पिशवीत पुठ्ठ्याच्या नळ्या, फुंकीचं यंत्र,
निळा पेन (पेन्सिल चालत नाही).
हवेत सरकीचा वास,
पापण्यांवर कापसाची लव.

एकशे बारा जणांतली क्रमांक सत्तेचाळीस
पदराला हात पुसत येते.
कागदावर तिला नाव नाही. मी हाक मारते, पारबतामावशी.

"फुंका. एका दमात."
काटा सरकतो : एकशे ऐंशी. दोनशे दहा. एकशे नव्वद.
तिन्हींतला मोठा आकडा लिहायचा,
एवढी माया आहे या शास्त्रात.

"पोरी, माह्या डबीत दवाई हाये का नुसती हवा?"
मला माहीत नाही, मावशी. डॉक्टरांनाही नाही.
नागपुरात एका कपाटात लिफाफा आहे,
तो फुटेल पुढच्या पोळ्यानंतर.
"म्हंजे सारेच आंधये," ती हसते, हसता हसता खोकते,
"अन् रस्ता शोधून रायले."

आज डबीवरचा आकडा पाहिला.
उरायला हवे बावन्न. उरलेत चोवीस.
मी पुन्हा मोजलं, दिवस बोटांवर.

ती नखात अडकलेली सरकीची साल काढत बसली.
मग म्हणाली, "शेजारचा तन्मय. सात वर्साचा.
रातच्याला त्याची छाती शिट्टी मारे.
भिंत एकच हाये आमची.
मले आयकू येत होतं, मी का करू?"

मी काय करायला हवं होतं ते छापलेलं आहे, पान नऊ.
तसं बोलले. आवाज चढवून बोलले.
तालुक्याच्या दवाखान्याचा दिवस सांगितला,
डॉक्टरांचा नंबर त्याच्या पाटीवर लिहून दिला.
आणि मग, जे पान नऊवर नाही, ते विचारलं :
थांबली का शिट्टी?

"दोन डाव थांबली. एक डाव नाई.
तवा मी त्याची पाठ चोयत बसली पहाटलोक."

'नियमभंग' हा रकाना दोन बोटं रुंद.
त्यात अठ्ठावीस मावले.
पाठ चोळणं कुठे लिहायचं?
तो लिफाफा फुटला तरी त्यात ते नसणार.

आत यंत्र सुरू झालं, ती उठली.
कागदावर लव येऊन बसली होती, ओल्या शाईवर.
मी फुंकली.
कितीचा काटा गेला असता, कोण जाणे.