पुरावा क्रमांक चार

हेरफर्डच्या कोर्टात सकाळी दहाला
आम्ही तिघं बसतो. पगार नाही, झगा नाही,
पार्किंगचे पैसे तेवढे मिळतात.
मी मधल्या खुर्चीत.
बत्तीस वर्षं दुकानात गोळ्या मोजल्या,
आता शिक्षा मोजते.

समोर क्लिफर्ड ट्रँटर, वय एकसष्ट,
कोट उसना वाटावा असा, नखांत तळ्याचा गाळ.
गुन्हा कबूल.
पिंजरा त्याचा, बंदूक त्याची,
आणि मेलेला ऊद त्याच्याच फ्रीझरमध्ये
मटाराच्या पिशव्यांखाली.

"पाणमांजर" असं मी वहीत मराठीत लिहिलं,
शेजारच्यांना वाचता येऊ नये म्हणून.

मग मॉडची गोष्ट निघाली.
मॉड म्हणजे कार्प, सव्वीस वर्षांची,
पाच वर्षांच्या पोराएवढी जड.
माणसं लांबून येत, रात्रभर तंबूत जागत,
तिला गळाला लावत, ओल्या गादीवर निजवत,
ओठाच्या जखमेला औषध लावत,
मांडीवर घेऊन फोटो काढत
आणि परत सोडून देत.
खात कुणीच नसे.
मासा धरून न खाणारी माणसं
मला चाळीस वर्षांत नीट कळलेली नाहीत.

ऊदाने खाल्लं. तेही सगळं नाही.
पोट फोडून काळीज तेवढं नेलं,
उरलेली मॉड काठावर तशीच.
(आमच्या भाषेत कापल्यावर निघतं तेही काळीज,
आणि ट्रँटर थांबून थांबून सांगत होता
ते ज्याने सांगत होता, तेही.)

पुरावा क्रमांक चार: एक चिप,
तांदळाच्या दाण्याएवढी, ऊदाच्या पोटात सापडलेली.
यंत्राखाली धरली तर नंबर उमटला
मॉडचा.

आतल्या खोलीत चहा.
हेस्टर प्यू म्हणाली, "तुरुंग. दुसरं काही नको.
माझ्या लहानपणी या नद्या रिकाम्या होत्या,
आता कुठे ते परतलेत. आज हा सुटला
तर उद्या तळ्यातळ्यावर पिंजरा."
डेन्झिल प्रॉबर्टने कप खाली ठेवला.
"कुंपणाचे अठरा हजार पौंड मागितले होते त्याला.
कोंबड्यांसाठी कोल्हा मारला असता
तर तो आज इथे नसता."
दोघांनी माझ्याकडे पाहिलं.
खऱ्याला तोटा नव्हता त्या खोलीत,
बिस्किटं मात्र संपली होती.

मी तेरेखोलच्या खाडीबद्दल काही बोलले नाही.
मामाचं फाटलेलं जाळं,
वल्ह्याच्या एका फटक्यात पडलेला हुद,
चिखलातून ओढत नेलेली ओली शेपूट.
कुणी विचारलं नाही. मीही नाही.
त्या रात्री बांगड्याचं तिखलं होतं
आणि मी दोनदा भात घेतला.
मामाला किती आठवडे?
माझ्यासमोरच्या तक्त्यात
जाळ्यावर पोट असणाऱ्यांचा रकाना नव्हता.
ट्रँटरचंही पोट त्या तळ्यावरच होतं.

ऊदाला ठाऊक नसतं आपण संरक्षित आहोत ते.
मॉडला ठाऊक नव्हतं आपली किंमत किती.
ठाऊक होतं फक्त त्यालाच,
पिंजरा लावताना, आणि सकाळी
बंदूक घेऊन परत जातानाही.
मधली अख्खी रात्र होती त्याच्याकडे.
मी त्या रात्रीवर बोट ठेवलं.
डेन्झिल हळूच म्हणाला, "ठीक."
हेस्टरला ते कमीच वाटलं.

बारा आठवडे, स्थगित. बंदूक जप्त. खर्च वेगळा.
वाचताना माझा आवाज जुन्या सवयीने निघाला:
जेवणानंतर, दिवसातून दोनदा, कोर्स पूर्ण करा.

"समजलं?"
"हो, मॅडम."
तो बसला नाही, गेलाही नाही.
"ती चिप मिळेल का परत?"

क्लार्कने कागद चाळले, मागचे पुढचे.
म्हणाली, पोलिसांकडे अर्ज करावा लागेल,
फॉर्मवर कारण लिहावं लागेल.

"कारण," तो म्हणाला,
आणि ते कुठे ठेवलंय हे शोधत असल्यासारखा
कोटाचे खिसे चाचपत राहिला.

मी पुढचं नाव पुकारलं.
विमा नसलेली गाडी.