चौदा मिनिटं

टेलेफोमिन ते ताबुबिल : चाळीसेक किलोमीटर.
उड्डाण चौदा मिनिटं, ढग नसले तर.
रस्ता नाही.
एवढं मी रोज फळ्यावर खडूने लिहितो.
‘ढग असले तर?’ विचारणाऱ्याला
बाकाकडे बोट दाखवतो.

आधी माणूस तोलायचा, मग त्याचं ओझं.
काट्यावर सगळेच अवघडतात,
पोट आत ओढून घेतात,
जणू श्वासाचंही भाडं पडणार आहे.
वेसानीबाई एकसष्ट. तिची विणलेली बिलूम पिशवी अकरा :
वर अळकुड्या, तळाशी एक कोंबडी.
कोंबडी मी अळकुड्यांतच धरतो.

आज दागायोक आला. अठ्ठेचाळीस किलो. सामान, एक काठी.
मुलगा तिकडे खाणीत ट्रक चालवतो,
त्याने तिकीट धाडलंय, डावा डोळा दाखवायला.
‘किती लांब?’
मी फळा दाखवला, मग वाचूनही दाखवला.
तो हसला, दात होते तेवढे.
‘पाच रात्री,’ म्हणाला. ‘पोरं बरोबर असली तर सहा.
डुक्कर असलं, तर ते डुकराला विचारायचं.’

एक जागा रिकामी होती
आणि मला नवा काटा आणायचा होता.
शेजारी बसलो.

आमच्याकडे बालूस म्हणजे कबुतर आणि बालूस म्हणजे विमान.
कबुतर धावपट्टीच्या टोकाला आलं,
गवत मागे लोळलं,
आणि पायाखालची जमीन नुसतीच खाली उरली.

दागायोकने उजवा डोळा काचेला लावला.
‘इथे पहिली रात्र. वाकलेल्या खडकाखाली.
लाकूड ओलं असतं, बाप आपल्या बिलूममधून कोरडी साल काढतो,
थांब, पेटतंय…’
मी थांबलो. विमान थांबलं नाही.
तो फुंकर घालत होता तेवढ्यात दुसरी नदी गेली,
तिसरी गेली.
ओक म्हणजे पाणी,
इथल्या प्रत्येक पाण्याला नाव आहे,
आणि ते नाव पाण्यात पाय घालताना घ्यायचं असतं.
तो एकेक पाय उचलत होता, सीटच्या पट्ट्यात.
‘हळू,’ तो मला म्हणाला,
जणू विमानाचं दावं माझ्याच हातात होतं.

मग चुनखडीचा उभा कडा,
कड्याला टेकलेला ढग,
ढगात काही नाही,
आणि एकदम पत्र्याची छपरं, ट्रक, चिखल, चाकांचा दणका.

सगळे उतरले. तो बसून.
‘माझी दुसरी रात्र अजून मागे आहे,’ म्हणाला,
‘आणि शेकोटी विझवायची राहिली.’
पायलटने घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं.
मी खांदे उडवले.
असल्या थांबण्याला वहीत रकाना नाही.

नवा काटा खोक्यातून काढला तेव्हा
आधी त्यालाच उभं केलं.
सेहेचाळीस.
जुना काटा दोन किलो वाढवून दाखवायचा,
मला केव्हाचं ठाऊक होतं. बोललो नाही.
तो आकड्याकडे बघत राहिला,
वाचता येत नसून.
‘कमी भरलो?’
‘दोन.’
‘चालत येतायत ते,’ तो म्हणाला,
‘गुरुवारपर्यंत पोचतील,’
आणि मुलाला शोधायला निघाला,
काठी माझ्याकडेच विसरून.